उतरता माड

कान्हू म्हात्र्याने जन्मभर लोकांच्या दारात कमानी उभ्या केल्या, स्वतःच्या दाराला मात्र धड कडी लावली नाही. हे मी छातीठोक सांगते. त्याची पडवी आणि आमची पडवी यांच्यात फक्त एक कुंपण आहे, आणि त्या कुंपणापाशी माझं निम्मं आयुष्य कान टवकारून गेलं आहे. मी शाळेत मराठी शिकवते, पण गावाच्या मते तो माझा जोडधंदा. मूळ धंदा बातम्या पुरवण्याचा.

कान्हूच्या वडिलांचं मिठागर भरतीच्या पाण्यात गेलं तेव्हा हे घर खाडीकाठ सोडून इकडे निडीला आलं. मीठ ओढणारे हात मांडवाचे बांबू बांधायला लागले. कान्हूचं नाव झालं ते बांबूंमुळे नाही, झुंबरांमुळे. भेरली माडाच्या फुलोऱ्याला आमच्याकडे झुंबर म्हणतात. घोड्याच्या शेपटीसारख्या हिरव्या दोऱ्या, माणसापेक्षा लांब, आणि प्रत्येक दोरीवर कळ्यांचे मणी. मांडवाच्या दाराला दोन्ही बाजूंनी एकेक झुंबर सोडलं की गरिबाच्या लग्नालाही रुबाब यायचा. नागोठण्यापासून रोह्यापर्यंत कुठेही ती जोडी दिसली की लोक विचारायचे, "कान्हूचा मांडव ना?"

हा माड डोंगरातल्या ओल्या, सावलीच्या रानातला. त्याचं पान नारळासारखं नसतं. फांदीला फांदी फुटावी तसं ते दोनदा विभागतं, आणि पातं टोकाला कुरतडल्यासारखं, थेट माशाच्या शेपटीसारखं. कान्हू म्हणायचा, "बोईट झाडावर चढला, शेपूट तेवढा बाहेर ऱ्हायला." वर्षानुवर्षं हा माड नुसता उंच होतो, फुलत नाही. मग एका वर्षी अगदी शेंड्याजवळ पहिलं झुंबर येतं. त्यानंतर नवं पान फुटत नाही. पुढचं झुंबर त्याच्या खाली, त्याच्या पुढचं आणखी खाली. खोडात साठवलेलं सगळं खर्चत झाड एकेक पेर उतरत येतं, आणि सर्वांत खालचं झुंबर झालं की उभ्या उभ्या मरतं.

कान्हूच्या न्हाणीमागे असाच एक माड होता. ऋतुजा, त्याची एकुलती एक, जन्मली त्या पावसाळ्यात तो आपोआप उगवला. फळं खाऊन बी कुठेही टाकणाऱ्या उदमांजराची कृपा, दुसरं काय. कान्हूने तेव्हाच सगळ्यांना ऐकवलं, "हा माज्या पोरीच्या मांडवाचा."

माड पहिल्यांदा फुलला तेव्हा ऋतुजा पेणच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होती आणि लग्नाचं नाव काढलं की जेवणावरून उठत होती. झुंबर वाया घालवायचं कान्हूच्या जिवावर यायचं. मग ते कुणाच्या तरी मांडवात जायचं. एक माझ्या लेकीच्या, ईराच्या लग्नातही लागलं. दर वर्षी तो म्हणायचा, "या साली तुमचं होऊन जाऊ दे. पुढल्या साली आमचं."

"कान्हूदादा, पोरगी थांबेल, माड थांबेल का?" मी कुंपणावरून टोचायची.

"तुमी कवा थांबाल, बाई?" तो उलट विचारायचा.

मग तो पडला. गागोद्याकडच्या रानात झुंबर उतरवताना पाय निसटला, खुबा मोडला, आणि चढणं कायमचं संपलं. काठी घेऊन तो न्हाणीच्या पायरीवर बसायचा आणि आपल्या माडाकडे बघायचा. झुंबर दर वर्षी त्याच्या जवळ येत होतं. "बघा बाई, मना चढता येत नाय तर बिचारा तोच उतरतो," असं तो म्हणाला त्या दिवशी मी टोचायचं सोडून कुंपणावरून त्याला चहा दिला. हे क्वचित घडतं.

गेल्या वर्षी ऋतुजाने एकदाचा होकार दिला. नवरा मुलगा रोह्याचा अक्षय, कंपनीत शिफ्टला जाणारा, शांत. वैशाखातला मुहूर्त ठरला आणि त्याच सुमाराला माडाला झुंबर आलं. हात वर केला की देठ लागेल इतकं खाली. कान्हूने कोयत्याला धार लावायला घेतली. हौसा, त्याची बायको, दगडावर पाणी घालत होती. इतक्यात ऋतुजा बाहेर आली.

"बाबा, हा झुंबर नको कापू."

"मग काय निकेशचं पिलास्टिक लावू?" निकेश म्हणजे बाजारातला नवा डेकोरेशनवाला. त्याचं नाव या घरात शिवीसारखंच घेतलं जायचं.

"नाय लावलंस तरी चालंल मना."

"माज्या पोरीच्या दारात झुंबर नाय? लोक काय बोलतील?"

"लोक म्हणजे मीच," मी कुंपणावरून म्हटलं. "आणि मी तर कसंही बोलणारच आहे."

ऋतुजा बापापुढे उकिडवी बसली. "हा शेवटचा हाय, बाबा. याच्या खाली दुसरा येनार नाय. आपन दर साली कोवला असताच कापतो. फल धरायच्या आधीच. मग बी कुठून पडनार? हा पन कापलास तर या माडाचं मागं काय ऱ्हानार नाय."

"डोंगरात थोडे हायत?"

"हायत का? जाऊन बघ."

त्याने कोयता खाली ठेवला नाही. एवढ्या मांडवांना झुंबरं पुरवणाऱ्याच्या पोरीचं दार रिकामं राहणार, हे त्याला गिळवत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काठी टेकत आमच्या दारात आला. "बाई, तुमची स्कूटर चालतं ना?"

मी त्याला मागे बसवून गागोद्याच्या रानाकडे नेलं. तिकडचं एखादं झुंबर ठरवून ठेवायचं आणि घरचं राखायचं, असा त्याचा बेत. परक्या बाप्याला मागे बसवून नागोठण्याच्या बाजारातून जाताना मला तीन ओळखीच्या बायका भेटल्या. मी आजवर गावाबद्दल जे बोलले ते त्यांनी एका दुपारीत फेडलं.

ओढ्यापर्यंत रस्ता जातो. तिथून कान्हू माझ्या खांद्यावर हात टाकून उतरला. पूर्वी त्या ओढ्याच्या दोन्ही काठांना माडच माड होते, असं तो वाटभर सांगत आला होता. आता तिथे करडे, शेंडा झडलेले बुंधे उभे होते. काही आडवे पडून कुजले होते. प्रत्येकावर वरपासून खालपर्यंत कापलेल्या देठांच्या खुणा. खाली एक रोप नव्हतं. तो काठीने पाचोळा बाजूला करत राहिला. मीही वाकून शोधलं.

मग एका बुंध्यावरच्या खुणेला काठी टेकवून तो म्हणाला, "हे सगले माजे, बाई."



दोन दिवसांनी पहाटे न्हाणीमागून बांबू ठोकल्याचा आवाज आला. मी अर्थातच कुंपणाशी. कान्हू काठीने जमिनीवर रेघ ओढत होता आणि दोन गडी खड्डे घेत होते. हौसा कपाळाला हात लावून उभी होती.

"गो बाय, याला सांग तरी! मांडवाचं दार मागल्या बाजूला करतो. व्हराड काय न्हानीवरून येनार?"

"येनार," कान्हू म्हणाला. "झुंबर दारात येनार नाय. दार झुंबराकडं जाईल."

आणि तसंच झालं. माडाचा बुंधा हाच कमानीचा एक खांब. झुंबर झाडावरच, न कापलेलं, दाराच्या डाव्या बाजूला झुलत. उजवा खांब बांबूचा. त्यावर त्याने काहीही लावलं नाही. जोडी लावणाऱ्या कान्हूच्या आयुष्यातली ही एकमेव एकाकी कमान. बुंध्याला दोर त्याने स्वतः बांधला. बसून, दम खात.

वऱ्हाड गोठ्याच्या बोळातून आलं. अक्षयचा मामा तापला. "मागच्या दारानं? आमी काय चोर हाव?"

कान्हू दारात काठी घेऊन उभा होता. "चोर नाय, पाव्हनं. पन झुंबराला हात लावायचा नाय."

या माडाची फुलं तिघांच्या घोळक्याने येतात. दोन नर, मध्ये एक मादी. नर आधी उमलतात आणि गळून जातात. मादी नंतर सावकाश उमलते. नवरानवरी आत येताना ती पिवळसर नरफुलं त्यांच्या डोक्यावर टपटपत होती. अक्षता पडायच्या आधीच. सगळे खूश, पण ऋतुजा वर बघत राहिली. नंतर मला हळूच म्हणाली, "ताई, मादी उमलंल तवर हे सगले गलून जातील. परागकन दुसऱ्या माडावरनं यायला हवेत. आनि दुसरा माड कुठं हाय? बाबाला सांगू नका."

मी सांगितलं नाही. माझ्या कारकिर्दीत पोटात राहिलेली ही पहिली गोष्ट. पण कान्हूला तिच्या तोंडावरून कळलं असावं, कारण लग्नानंतर तो रोज पायरीवर बसून झुंबराच्या दोऱ्या निरखायचा. माडाची शेवटची पानं पिवळी पडून खाली येत होती. कान्हूची छातीही भरत चालली होती. डॉक्टर म्हणाले, झोपून राहा. तो बसून राहिला.

मी विचारलं, "काय बघता एवढं?"

"दाना धरतो का, ते."

पावसात एक दिवस त्याने मला हाक मारली. बहुतेक दोऱ्या वाळून काळ्या पडल्या होत्या. पण दोन-तीन दोऱ्यांवर बारीक, घट्ट, हिरवे मणी होते. फुलाचे नव्हेत, फळाचे. मी ऋतुजाला फोन लावून त्याच्या कानाला दिला. त्याने विचारलं, तिने सांगितलं. झाड स्वतःच्याच परागावर कधी कधी धरतं म्हणे, पण आपल्या माडाचे नर तर कधीच गळून गेले होते. बहुतेक मधमाश्यांनी कुठून तरी आणलं असावं. कुठल्या तरी घळीत अजून एखादा माड जिवंत असेल.

कान्हूने फोन मला परत दिला. डोंगराकडे बघत म्हणाला, "म्हंजे एक सुटला माज्या हातून."

असा उजळलेला चेहरा मी त्याचा कुठल्याही मांडवात पाहिला नव्हता.

गणपती गेले आणि मागोमाग तो गेला. तिरडीचे बांबू त्याच्याच सामानातले. निकेश बांधायला आला होता, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून बघत होता.

माघात फळं पिकून गडद लाल झाली. त्यांचा रस अंगाला लागला की आग होते, हे सगळं गाव जाणतं. हौसाने आणि मी हाताला प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून ती उतरवली. ऋतुजा आणि अक्षय बाजूला बसून बिया वेगळ्या करत होते. निम्म्या न्हाणीमागे पेरल्या, निम्म्या गागोद्याच्या ओढ्यावर नेल्या. उगवायला वर्षही लागतं म्हणे. माड आता निष्पर्ण उभा आहे. बुंध्याला कान्हूचा दोर अजून तसाच आहे. निकेश म्हणाला सोडून देतो, तर हौसाने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा न घेताच गेला.

माझी पिशवी फाटकी निघाली. मनगटापर्यंत नुसती आग. रात्री कुंपणाशी जाऊन मी कुरकुरले तर पलीकडून हौसा म्हणाली, "खाजवू नको गो. खाजवलास का वाढतं. माजा नवरा जनमभर फलाला शिवला नाय, त्याला ही खाज कवा ठाव नव्हती."

आणि तिने स्वतःचे लाल झालेले हात कुंपणावरून माझ्या हातांशेजारी ठेवले.