मालतीबाईंनी दोनदा लिहिलेली गोष्ट

मालतीबाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंगणात मेथी निवडत बसले होते. लोणारहून त्यांचा भाचा शरद बोलत होता. दुपारी जेवून आडव्या झाल्या, चारला चहासाठी उठवायला गेलो तर उठल्याच नाहीत, असं त्यानं शांतपणे सांगितलं. चौऱ्याऐंशी वर्षांचं वय, ना दुखणं, ना अंथरुणाला खिळणं... रडू आलं, पण त्या रडण्यात तक्रार नव्हती. नातीनं विचारलं, त्या काय शिकवायच्या? मी म्हणाले, गणित. उत्तर खरं होतं आणि तरी इतकं अपुरं होतं, की मेथीची जुडी तशीच बाजूला ठेवून मी तिला सगळं सांगत बसले. आता महिना उलटून गेला आहे. तिला जे सांगितलं, तेच थोडं सावकाश इथे लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. मी लोणारजवळच्या बीबी गावच्या शाळेत नव्यानं रुजू झाले होते. वय बावीस, बुलढाणा सोडून कधी कुठे राहिले नव्हते. मालतीबाई माझ्याहून आठेक वर्षांनी मोठ्या. लहान वयात वैधव्य आलं, भावानं लोणारला माहेरी परत आणलं आणि हट्टानं शिकवलं, त्यातून त्या मास्तरीण झाल्या होत्या. शाळेजवळच्या दोन खोल्यांत आम्ही दोघी राहायचो. त्या मला 'सुमन' म्हणत, मी त्यांना शेवटपर्यंत 'बाई'च म्हणाले. गणिताच्या तासाला कडक असलेली ही बाई संध्याकाळी कंदिलाशी बसून रेघांच्या वहीत गोष्टी लिहायची आणि लिहिता लिहिता स्वतःशीच हसायची, हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी थोडी घाबरलेच होते.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की व्हरांड्यात त्या गोष्ट वाचत. आधी फक्त मुलं थांबायची. मग मुलांना न्यायला आलेल्या आया दाराशी रेंगाळू लागल्या, नंतर पारावरची म्हातारी माणसं काठी टेकत येऊन बसू लागली. गोष्टीत असायची एखाद्या लग्नातली हरवलेली वरमाय, इन्स्पेक्टर साहेबांची टोपी पळवणारी शेळी, भांडण विसरून पुन्हा नव्यानं भांडणाऱ्या दोन जावा. सगळं आमच्या वऱ्हाडी बोलीत, 'मले-तुले'सकट. एकाच वाक्याला मुलं लगेच हसायची, बाया क्षणभरानं हसायच्या, आणि म्हातारे सगळं शांत झाल्यावर एकदम खोकत हसायचे. तिघांना तीन वेगळ्या गोष्टी ऐकू येत असणार. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, यातून मुलांनी बोध काय घ्यायचा? बाई म्हणाल्या, पोरं हसत घरी गेली तर मला पुरे आहे. हेडमास्तर पुढच्या शनिवारी स्वतःच खुर्ची घेऊन आले.

त्या वर्षी गणपतीत शाळेसमोरच्या मांडवात बाईंनी गोष्ट वाचावी असं गावानं ठरवलं. बाईंना एका एसटी कंडक्टरनं एक किस्सा सांगितला होता. लोणारच्या स्टँडवर एका शेतकऱ्यानं गाडीत चढताना देवळात शिरावं तसे जोडे खाली काढून ठेवले आणि गाडी जोडे तिथेच टाकून निघाली. एवढ्यावरून बाईंनी फर्मास गोष्ट रचली. नाव घातलं नव्हतं. पण लोणारहून अनवाणी गावात आलेला माणूस बीबीत एकच होता, सखारामभाऊ. वीस-पंचवीस एकरांचा धनी, कमी बोलणारा. मांडव हसून हसून लोळला. मी बायांच्या बाजूला बसले होते, तिथून मला सखारामभाऊ दिसले. त्यांनी मांडीवरचं उपरणं नीट घडी करून खांद्यावर टाकलं आणि कुणाला धक्का न लावता ते बाहेर गेले. बाईंनी ते पाहिलं नाही. त्या वहीत बघून वाचत होत्या.

दुसऱ्या दिवसापासून सखारामभाऊंची नात वत्सला शाळेत येईनाशी झाली. चौथीत होती, हिशेबात बाईंची सगळ्यात लाडकी. चार दिवसांनी कळलं, की वाटेत पोरं तिच्यासमोर चपला काढून ठेवतात आणि हात जोडतात. आजी म्हणाली होती, आता ही घरीच राहील, पोरीच्या जातीला एवढी शाळा पुष्कळ झाली. बाईंनी हे ऐकलं आणि त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला म्हणाल्या, "सुमन, मी लोकाइले हासवलं, पण कोनाच्या जिवावर हासवलं ते पाह्यलंच नाही." संध्याकाळी लिहायला बसायची त्यांची सवय त्या आठवड्यात मोडली.

रविवारी सकाळी आम्ही दोघी वत्सलाच्या घरी गेलो. सखारामभाऊंनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं, पण नजर वर केली नाही. बोलल्या त्या त्यांच्या पत्नी गंगाबाई, दाराच्या आडून. तो नवस होता, त्या म्हणाल्या. वत्सलाच्या बापाच्या दुखण्यापायी ह्यांनी लोणारलाच जोडे देवाला सोडले, महिनाभर उन्हात अनवाणी फिरले, रोज रात्री मी तळपायांना तेल लावलं, आणि तुम्ही शिकल्या-सवरल्या बाईनं देवाच्या गोष्टीवर गाव हसवलं. बाईंनी मान खाली घातली. त्यांना नवसाचं काहीच माहीत नव्हतं, तो महिना उन्हाळी सुट्टीचा होता आणि त्या लोणारला होत्या. मला माफ करा, पोरीला शाळेत पाठवा, एवढंच त्या म्हणाल्या. गंगाबाई थांबेनात. शेवटी देवाची शिक्षा होईल असंही त्यांच्या तोंडून निघालं.

तेव्हा सखारामभाऊंनी हात वर केला. "थांब. त्या बाईले उगाच बोल लावू नको." मग अंगणाकडे बघत ते म्हणाले, "नवस नव्हता तो."

पुढचं ते तुटक तुटक सांगत गेले. धाकट्या पोरासाठी मुलगी बघायला जायचं म्हणून नवे जोडे घेतले होते. लोणारात फिरता फिरता दोन्ही टाचा सोलल्या. स्टँडवर गाडीला वेळ होता म्हणून जोडे काढून पाय चोळत उभे होते, एवढ्यात घंटी वाजली आणि ते तसेच चढले. गाडी सुटल्यावर आठवलं. पण भरलेल्या गाडीत, माझे जोडे राहिले, गाडी थांबवा, असं ओरडायची लाज वाटली. शेजारच्या म्हातारीनं पायांकडे पाहून विचारलं तेव्हा तोंडातून निघून गेलं, देवाले सोडले. म्हातारी त्यांच्या पाया पडली. मग मागच्या बाकावरचा एक जण पडला. बीबीला उतरेपर्यंत अर्धी गाडी पाया पडून झाली होती आणि त्यांच्याआधी नवसच गावात पोहोचला. आता माघार कशी घ्यायची? कुणी बसायला घोंगडी अंथरतं, कुणी अंगारा मागतं... तो सगळा महिना त्यांनी ढेकळांतून अनवाणी काढला. महिन्यानं तोच कंडक्टर जोडे पिशवीत घालून घेऊन आला आणि भर बाजारात त्यानं ते हातात दिले. लोक म्हणाले, नवस पुरा झाला. घरी नारळ फुटला.

"मी भोळा नाही बाई," ते म्हणाले. "मले मोटर आन् देऊळ समजते. मी लाजलो होतो फक्त."

आतून बांगड्या वाजल्या आणि गंगाबाई पहिल्यांदाच उंबऱ्याबाहेर आल्या. नवऱ्याकडे बघत त्यांनी सावकाश विचारलं, "मंजे महिनाभर मी तेल चोळून राह्यली, ते जोडे चावले म्हून?" सखारामभाऊंनी मान डोलावली. आधी हसू त्यांनाच फुटलं. मग गंगाबाई पदर तोंडाला लावून जोत्यावर बसल्या, त्या हसताहेत की रडताहेत ते बराच वेळ कळेना. कोपऱ्यात बसलेली वत्सला आजीला मिठी मारून हसत होती. मालतीबाई मात्र हसल्या नाहीत. त्या सखारामभाऊंकडे एकटक पाहत होत्या. उठताना त्यांनी विचारलं, हे मी लिहू का, तुम्ही सांगितलं तसंच? सखारामभाऊंनी गंगाबाईंकडे पाहिलं. गंगाबाई म्हणाल्या, लिहा, पण तेलाचं सोडू नका.

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी बाईंनी ती गोष्ट नव्यानं वाचली. आधी सखारामभाऊंच्या ओसरीवर जाऊन दोघा नवरा-बायकोला वाचून दाखवली होती. गंगाबाईंनी दोन ठिकाणी दुरुस्ती सुचवली, ती केली. सखारामभाऊ व्हरांड्यात सगळ्यात पुढे बसले. गाव आधी चाचरत हसलं, मग त्यांनाच हसताना पाहून मनमोकळं हसलं. पाया पडणाऱ्या गाडीच्या जागी तर मला वाटलं पत्रे उडतात. ती आधीच्या गोष्टीपेक्षा कितीतरी चांगली होती, कारण तिच्यात आता प्रत्येकाला आपली एखादी लाज सापडत होती. सोमवारी वत्सला दप्तर घेऊन पहिल्या बाकावर होती. पुढे ती मॅट्रिक झाली आणि देऊळगावकडे शिक्षिकाही झाली.

नंतर बाईंनी पुष्कळ लिहिलं. पुण्याच्या एका प्रकाशकानं गोष्टी मागवल्या, आवडल्याचं कळवलं आणि भाषा तेवढी शुद्ध करून द्या असं सुचवलं. बाईंनी एक गोष्ट तशी करून मला वाचून दाखवली. आम्ही दोघी गंभीर चेहऱ्यानं एकमेकींकडे बघत बसलो. "सुमन, इतकं शुद्ध बोलून कोनी जोडे विसरते का?" असं म्हणून त्यांनी ते कागद चुलीजवळ ठेवून दिले. पुढे खामगावच्या एका छापखान्यानं 'मले-तुले'सकट पुस्तक काढलं. ते फार दूर गेलं नाही, पण जिथे गेलं तिथे फाटेपर्यंत वाचलं गेलं. माझं लग्न झालं, बदली झाली, त्या निवृत्त होऊन लोणारला भाच्याकडे राहायला गेल्या. पत्रं येत राहिली. त्यांत तब्येतीची एक ओळ असायची आणि बाकी तीन पानं शेजाऱ्यांची.

बाई गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात मी लोणारला जाऊन आले. शरदनं त्यांची खोली तशीच ठेवली आहे. खाट, खिडकी, आणि भिंतीतल्या कपाटात सदतीस वह्या. इतकी वर्षं सोबत राहूनही मी त्या वह्या कधी हातात घेतल्या नव्हत्या, गोष्टी फक्त ऐकल्या होत्या. उघडून पाहिलं तर प्रत्येक पानाच्या समासात पेन्सिलीनं बारीक अक्षरात नावं होती. कोण कुठे हसलं, ते. 'इथे गंगाबाई.' 'इथे पहिलीची पोरं, मोठं कोणी नाही.' 'इथे हेडमास्तर, उशिरा.' एका समासात 'सुमन, तोंड वळवून' असं लिहिलेलं सापडलं... ते पान मी बराच वेळ धरून बसले.

सगळ्यात शेवटच्या वहीत एकच गोष्ट होती, ऐकू येईनासं झालेल्या एका म्हातारीची. जो जे विचारेल त्याला ती 'हो' म्हणते आणि एका दुपारी नकळत तीन घरची सोयरीक जमवून टाकते. समास कोरा होता. वाचून दाखवायचं राहून गेलं असणार. मी शरदला, त्याच्या बायकोला आणि त्यांच्या दहा वर्षांच्या मुक्ताला हाक मारली आणि खाटेवर बसून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. दुसऱ्याच 'हो'ला मुक्ता हसली. मी थांबून पेन्सिलीनं समासात तिचं नाव लिहिलं. खाली शरदचं आलं, मग त्याच्या बायकोचं. शेवटच्या ओळीला आम्ही चौघंही एकदमच हसलो. तिथे कुणाकुणाचं नाव घालावं ते सुचेना. मग 'सगळं घर' एवढं लिहिलं आणि वही कपाटात तिच्या जागेवर ठेवली.