डायवरचा दगड

धनसिंग गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोहगावजवळच्या एका संत्र्याच्या बगीचात मालकाशी भांडत होते. अंबिया बहाराच्या पिकाचा सौदा होता. मालक लदलेल्या फांद्या दाखवत होता आणि मी खाली पडलेली गळ दाखवत होते. फोनवर धनसिंगची मुलगी सरिता होती. ती एवढंच म्हणाली, "मावशी, बाबा जेवून झोपले... उठलेच नाही." माझा चेहरा पाहून मालकाने हात जोडले. "राहू द्या बाई, तुम्ही म्हनान तो भाव." आयुष्यभर मी भाव पाडत आले, पण समोरच्याने कीव करून सोडलेला भाव मला कधी मिळाला नव्हता. तो मला घेता आला नाही. "उद्या बोलू," म्हणाले आणि निघाले. वाटेत रडू आलं नाही, राग आला. त्याला आता काही आठवडे झाले. राग तसाच आहे. शांत झाल्यावर लिहीन असं ठरवलं असतं तर हे लिहून झालंच नसतं.

धनसिंग परतेती पांढुर्णा-सौसर-रामाकोना अशी खाजगी बस चालवायचा. जातीने गोंड. सौसरच्या पलीकडे, जंगलाच्या कडेला असलेल्या नव्या टोलीचा, गोंडांच्या छोट्या वस्तीचा, राहणारा. सगळा मार्ग त्याला 'डायवर' म्हणूनच ओळखायचा. आमची ओळख भांडणातून झाली. तेव्हा मी रामाकोन्याकडच्या खेड्यांतून टोपलीभर संत्री उचलून पांढुर्ण्याला आणून विकायची. नवरा गेलेला, घरात सासू आणि कडेवर पोर. बौद्ध मोहल्ल्यातल्या बाईने बाजारात व्यापाऱ्यांच्या ओळीत बसावं हे तिथल्या लोकांना पटत नव्हतं. म्हणून मी ओळीच्या टोकाला, नालीजवळ बसायची. पहिल्याच दिवशी हा बसमधून ओरडला, "बाई, टोपले टपावर टाका."

"टपावर टाकले तर पांढुर्ण्यापर्यंत रस होऊन जाईन. तू भरून देशीन?"

"मंग टोपल्याचं बी तिकीट काढा."

"तिकीट काढलेले मानसं उभे करून राहिला तू, आन टोपल्याले सीट देशीन?"

अख्खी बस हसली. तोही हसला. इंजिनाशेजारच्या जागेवरचं पोतं बाजूला करून म्हणाला, "बसा शेठानी, इथं बसा. तुमच्याशी तोंड लावन्यापेक्षा बिनाब्रेकची गाडी चालवनं सोपं." मला शेठाणी म्हणणारा तो पहिला माणूस. चेष्टेत म्हणाला होता. पुढे माझा स्वतःचा माल साठवायचा शेड झाला, काटा आला, नागपूरला गाड्या जायला लागल्या, तेव्हा बाकीचे लोक तोच शब्द गंभीरपणे वापरू लागले. त्यांच्या तोंडून तो मला कधीच तेवढा गोड लागला नाही.

इंजिनाजवळच्या त्या जागेवर बसून मी अनेक वर्षं प्रवास केला. सौसर सोडल्यावर एका वळणाला तो गाडी हळू करायचा, एक हात स्टिअरिंगवरून काढून डाव्या हाताच्या डोंगराकडे पाहत कपाळाला लावायचा. प्रवाशांना वाटायचं, तिकडे एखादं देऊळ असेल. काही जण त्याच्या पाठोपाठ नमस्कारही करायचे. एकदा मी विचारलं, "तिकडं तं झाडंच झाडं दिसून राहिले. कोनाच्या पाया पडतो?" तो म्हणाला, "घराच्या."

मग त्याने जे सांगितलं ते एका दिवसात सांगितलं नाही. स्टँड आला की थांबायचा, दुसऱ्या खेपेला पुढचं. त्याच्या आजोबाच्या बापाच्या काळात टोली डोंगरावर होती. इंग्रजांचे लोक साखळ्या घेऊन आले, जंगल मोजलं, हद्दीचे खांब गाडले आणि सांगितलं, आता हे सरकारी, पावसाळ्याआधी खाली उतरा. कोणी काही दिलं नाही, विचारलं तर नाहीच. दुसऱ्या कुठल्या लोकांना असं उठवलं असतं तर त्यांनी गुरं हाकली असती, धान्य बांधलं असतं, घराची दारं काढून घेतली असती. गोंडांमध्ये माणूस गेला की त्याच्या नावाचा दगड उभा करतात. या लोकांनी आधी ते दगड उपटले. मेलेल्यांना सरकारच्या ताब्यात कसं सोडायचं, म्हणून एकेक दगड खांद्यावर घेऊन डोंगर उतरवला आणि खाली नव्या टोलीच्या बाजूला उभा केला. दारं वरच राहिली. धान्याच्या कणग्याही राहिल्या. "माझा आजा सांगे," धनसिंग म्हणायचा, "त्या साली उपास पडले, पन एक बी पूर्वज मागं नाही राहिला." हे सांगताना त्याला अभिमान वाटायचा. मला तेव्हाही वाटलं होतं आणि आताही वाटतं, की या अभिमानाने त्यांचा घात केला.

जंगलातल्या लोकांच्या हक्कांचा कायदा आला तेव्हा टोलीच्या ग्रामसभेने डोंगरावरच्या जुन्या जागेवर दावा केला. धनसिंगच पुढे होता. सुट्टीच्या दिवशी तो सौसरच्या कचेऱ्यांत बसायचा, आणि तिथून थेट माझ्या शेडवर चहाला. त्यानेच मला दाखवलं, कायद्याच्या सुरुवातीलाच सरकारने मान्य केलंय की इंग्रजांच्या काळात आणि नंतरही या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाला. मला ते वाचून हसू आलं. मी व्यापारी आहे. समोरचा म्हणतो, माझं माप खोटं होतं, तुझा माल मी खाल्ला, हे मला कबूल आहे. आता फक्त तू तेव्हाची पावती आण. असा सौदा माझ्याशी कोणी केला असता तर मी काटा त्याच्या डोक्यात घातला असता. धनसिंग मात्र म्हणाला, "कबूल तं केलं ना शेठानी. आजवर कोनं तेवढं बी केलं?" पुरावा म्हणून जुन्या घरांच्या खुणा, विहिरी, पुरण्याच्या जागा, म्हाताऱ्यांचे जबाब, सगळं चालतं असं कायद्यात होतं. म्हातारे होते. त्यांनी सांगितलं. आता जागेची पाहणी व्हायची होती.

पाहणीच्या आधीच्या आठवड्यात माझं आणि त्याचं जे भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. मी म्हटलं, "ट्रॅक्टर देते. दगड उचला, वर नेऊन होते तिथं उभे करा. साहेब येईन, पाहीन, लिहीन. मामला खतम."

"नाही जमत."

"काहून नाही? खोटं थोडीच आहे? तिथलेच आहेत ना ते?"

"तिथलेच आहेत, म्हनून तं चोरासारखे नाही नेनार." तो शांतपणे चहा पीत होता, त्याचाच मला जास्त संताप येत होता. "एकदा उठवलं त्याहीले. परत न्यायचे तं एकदाच न्यायचे शेठानी, हुकूम हाती घेऊन, ढोल वाजवत, दिवसाढवळ्या. आज नेले आन उद्या जंगलाच्या नाकेदारानं फेकून देले तं? किती डाव हलवायचं मेलेल्या मानसाले?"

"मेलेल्याचं पाहून जित्याचं हरशीन तू!"

"हरलो तं हरलो."

मी कप फेकला. फुटला. त्याने तुकडे गोळा करून कोपऱ्यात ठेवले, आणि बसची वेळ झाली म्हणून निघून गेला.

पाहणीला मीही गेले, कोणी बोलावलं नसताना. साहेब, पटवारी, जंगल खात्याचे दोघं, टोलीचे लोक. डोंगरावर सपाट जागा आहे, गोंड ज्याला देवाचं मानतात ते साजाचं मोठं झाड आहे, मोहाची झाडं सरळ ओळीत आहेत. मोह असा ओळीत आपोआप उगवत नाही. एका ठिकाणी चुलीचे दगड आहेत. धनसिंग एकेक दाखवत होता. साहेबाने विचारलं, "पुरखों के पत्थर कहाँ हैं?"

"नीचे हैं साहब, नई टोली में."

"क्यों? गाड़ा यहाँ, पत्थर वहाँ?"

"पत्थर हम साथ ले गए थे."

साहेबाने पटवाऱ्याकडे पाहिलं. पटवारी गालातल्या गालात हसला. "मतलब श्मशान तो नीचे ही है ना भैया," साहेब म्हणाला, आवाज वाईट नव्हता, तेच जास्त वाईट होतं. मी मध्ये पडले. म्हटलं, साहब, तुम्हारा घर छीन लें तो तुम बाप का फोटो दीवार पे छोड़ के जाओगे क्या? साहेबाने विचारलं, ये कौन हैं? धनसिंग म्हणाला, "संतरे का व्यापार करती हैं साहब." टोलीची माणसं हसली, मीही हसले असते, पण पटवाऱ्याची लेखणी तोपर्यंत चालू झाली होती. पंचनाम्यात आलं, की वनक्षेत्रात पुरण्याच्या जागेची खूण आढळली नाही. काही महिन्यांनी दावा नामंजूर झाला. ज्यांनी आपली माणसं मागे सोडली नाहीत, त्यांना सांगण्यात आलं, की तुमची माणसं इथे नव्हतीच.

त्याने वर अपील केलं. साहेब बदलत गेले, तारखा पडत गेल्या. त्याच दिवसांत एकदा त्याची बस माझ्या शेडसमोर उभी राहिली, आणि तो क्लीनरच्या मदतीने एक दगड खाली उतरवू लागला. कमरेइतका उंच, कन्हान नदीच्या पाण्याने गुळगुळीत झालेला, वर थोडा निमुळता. "तुमच्याच सीटवर बसवून आनला," म्हणाला.

"काय आहे हे?"

"मी आहो."

मला कळेना. त्याने सांगितलं, की स्वतःच्या नावाचा दगड त्याने स्वतःच निवडलाय. मंजुरी आली की सगळे दगड वर जातील, त्यांच्याबरोबर हा. तोवर इथे राहील. "टोलीत ठेवला तं मी मेल्यावर लोक तिथंच उभा करून देतीन. तुमच्याजवळ ठेवला म्हंजे कोनी फुकट नेनार नाही." शेडच्या दारात, काट्याच्या बाजूला त्याने तो ठेवला. तेव्हापासून कधीही आला की आधी दगडावर बोटांनी टकटक करायचा. "काय डायवर, आराम करून राहिला?" आणि मग चहा मागायचा. हमाल हसायचे. मी चिडायची. तो जिवंत असताना मी त्या दगडाकडे सरळ पाहिलं नाही.

धनसिंगला नव्या टोलीत माती दिली. दुसरी जागाच नव्हती. त्यानंतरच्या आठवड्यात अपिलाची सुनावणी होती. सरिताबरोबर मी गेले. शिपायाने धनसिंगचं नाव पुकारलं, परत पुकारलं. सरिता उभी राहून म्हणाली, "वो गुज़र गए." बाबूने कागदातून डोकं न काढता विचारलं, "तो अब दावा किसका है?" मी तोंड उघडणार तोच त्या पोरीने माझा हात दाबला. म्हणाली, "टोली का. पहले भी टोली का ही था." आवाज तिच्या बापाचा, तसाच, न चढणारा. बाबूने पुढची तारीख दिली. बाहेर आल्यावर मी कचेरीच्या पायऱ्यांवर उभी राहून जे काही बोलले ते या पुरवणीत छापता येणार नाही. सरिता ऐकत होती. बोलून झाल्यावर म्हणाली, "चला मावशी, बस जाईन."

परवा ती शेडवर आली. टोलीतले म्हातारे म्हणतात, किती दिवस वाट पाहायची, दगड नव्या टोलीतच उभा करून टाका. तिने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं असेल, मावशी व्यवहारी बाई आहे, हो म्हणेल. ज्या माणसावर मी त्याच्या हट्टासाठी इतकी चिडले, त्याच्याबद्दल मी काय म्हणायचं होतं... मी म्हटलं, "चहा पी." तिने चहा घेतला. जाताना दगडावर बोटांनी टकटक केलं आणि दगड न नेता गेली.

तिच्या पाठोपाठच नागपूरचा ट्रक आला. ड्रायव्हर नवा होता. मागे घेताना दारातला दगड आडवा येत होता. त्याने खाली उतरून हमालांना हाक मारली, "अरे, ये पत्थर ज़रा सरकाओ." हमाल जागचे हलले नाहीत, माझ्याकडे पाहत राहिले. मी त्याला गाडी रस्त्यावरच लावायला सांगितली. पेट्या तिथवर नेऊन देऊ म्हटलं. तो कुरकुरला. "एक हात तो सरकाना है माताजी."

"नाही," मी म्हटलं. "त्याले एकदाच हलवायचं आहे."