मायचे पिवळे हात

हळद शिजल्याचा वास आला की माझं डोकं अजून तापतं. मायची साठी उलटायच्या आत तिचा आरोग्य विमा काढायचा होता, कारण साठीनंतर विमा कंपनी घेत नव्हती. नेमकी हळद शिजवायच्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर कंपनीची तपासणी आली. माय कढईपासून उठली आणि पदराला हात पुसत तशीच मोबाईलपुढे बसली. पिवळे तळवे बघून शहरातल्या डॉक्टरनं विचारलं, "कावीळ झाली होती का कधी?" "व्हय, लहानपणी झालती. नरसी गावच्या एका म्हाताऱ्यानं पाला देऊन उतरवली." मी मधेच ओरडलो, "सायेब, हात हळदीनं पिवळे हायेत!" पण त्यानं कावीळ लिहून घेतली होती. मग कंपनी त्या काविळीचे कागद मागू लागली. पाल्याचा कागद कुठून आणू? हिंगोलीला जाऊन रक्त तपासलं, रिपोर्ट साफ आला, तो कंपनीला पाठवला, तरी फोन केला की एकच उत्तर, "प्रोसेसमध्ये आहे." मायची साठी उलटली आणि कंपनीनं कळवलं, वयात बसत नाही. माय एवढंच म्हणाली, "हात धुवून बसले असते तं झालं असतं." तिला किती समजावलं. पण आजही दवाखान्यात जायचं म्हटलं की ती आधी राखेनं हात घासत बसते, आणि ते पिवळेच राहतात.