उजवीकडे बसणारा

टायरवाल्याचं दुकान मागे पडलं, गाड्या धुवायची जागा मागे पडली, तरी वहिनींबरोबर चालणारा उजवा काही बोलेना. थोडं चालला की तोंड उघडायचा, थांबायचा आणि पुन्हा चालू लागायचा. वहिनी रोज संध्याकाळी गुडघ्यांसाठी चालायला निघत. पण विमानतळाच्या भिंतीला धरून इतक्या लांब त्या कधी आल्या नव्हत्या. त्यांचं रोजचं परतीचं वळण कधीच गेलं होतं.

"भावोजी, आता तुमच्याआधी माझे गुडघेच बोलायला लागतील हो," त्या म्हणाल्या.

तो हसला नाही. "व-व-वहिनी," एवढंच म्हणाला.

वहिनींनी चमकून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस अडखळलेला त्यांनी ऐकला नव्हता.

तेवढ्यात भिंतीवरून एक विमान इतकं खालून आलं, की त्याची सावली दोघांच्या अंगावरून सरकत गेली. कोपऱ्यावरची कुत्री गप्प झाली. आवाज ओसरेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली. उजव्यानं मान वर केली नाही. विमान चालवणारा माणूस डोक्यावरून विमान जाताना चपलांकडे बघतो, याचा अर्थ काय लावायचा ते वहिनींना कळेना. त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

वहिनींचे यजमान विमानाचे कप्तान. विमानात कप्तान डावीकडे बसतो आणि त्याचा जोडीदार, म्हणजे सहवैमानिक, उजवीकडे. हा गडी पहिल्यांदा शेजारी येऊन बसला त्या दिवसापासून कप्तान त्याला 'उजव्या' म्हणू लागले. बघता बघता सगळी कंपनी म्हणू लागली, आणि आईबापांनी ठेवलेलं नाव ओळखपत्रापुरतं उरलं.

बाप शिंपी. दुकानात बाप मापं घ्यायचा आणि या पोरानं ती मोठ्यानं म्हणत लिहायची. "छ-छ-छाती" झालं की गिऱ्हाईक हसायचं, बाप मान खाली घालायचा. पोरगं मात्र चिवट. अभ्यासात कुणाला हार गेलं नाही, परीक्षा झाल्या, विमान उडवायलाही शिकलं. पण रेडिओवर बोलायची वेळ आली की जीभ टाळूला चिकटायची. कंपनी त्याला घरी पाठवायच्या बेतात होती. तेव्हा कप्तान मध्ये पडले. काम संपलं की त्याला उभ्या असलेल्या रिकाम्या विमानात घेऊन बसायचे आणि उड्डाणाआधीची चेकलिस्ट हातात द्यायचे. "वाच. घाई नाही. वाचणाऱ्यासाठी विमान थांबतं." तो वाचायचा, अडायचा, कप्तान खिडकीबाहेर बघत बसायचे. कधी हसले नाहीत की कधी शब्द पुरवला नाही. एक दिवस चेकलिस्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ वाचून झाली आणि जीभ सुटली ती सुटलीच.

त्यानंतर तो घरचाच झाला. आला की थेट स्वयंपाकघरात, ओट्यापाशी उभा राहून चहा प्यायचा, वहिनींची शिलाई मशीन अडली की पाय मुडपून तिच्यापुढे बसायचा. बापाचा हात होताच त्याच्या बोटांत. त्याच्याबरोबरची माणसं एकेक करून कप्तान झाली, डावीकडे जाऊन बसली. हा उजवीकडेच. त्याची बायको शाळेत शिकवायची, जीभ म्हणजे कात्री. एकदा सगळ्यांसमोर म्हणाली होती, "केस पिकायला लागले तरी हे उजवीकडेच! डावी जागा काय आता माझ्या माहेरून येणार आहे?" सगळे हसले होते, कप्तान सगळ्यांत जास्त. उजवाही हसला होता. वहिनींनाही वाटायचं, स्वभावच असा, महत्त्वाकांक्षा नाही गड्याला.

"मला डावी जागा मिळाली, वहिनी," उजवा आता म्हणाला. चालायचा थांबला नाही.

"अहो, मग ही बातमी असं सुतकी तोंड करून सांगतात होय?"

"सरांनीच शिफारस केली. मला न विचारता."

"बरं केलं त्यांनी. तुम्ही काही जन्मात मागितली नसती."

"ती याआधी दोनदा आली होती. दोन्ही वेळा मी नको म्हटलं. एकदा कान दुखतो म्हणून सांगितलं, एकदा आई आजारी आहे म्हणून. कान चांगला होता. आईही ठणठणीत होती."

"मग का नको म्हणालात?"

विचारलं खरं, पण विचारता विचारताच वहिनींना वाटलं, याचं उत्तर आलं नाही तर बरं.

"सरांच्या शेजारी दुसरं कुणी बसू नये म्हणून."

रस्ता इथून अरुंद होत गेला होता. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला कुलूप लावलेली गोदामं. विमानाच्या तेलाचा वास घशात बसत होता. उजवा बोलू लागला आणि बोलता बोलता त्याची जीभ सुटत गेली, अगदी चेकलिस्ट वाचल्यासारखी. वहिनींना ते अडखळणंच बरं होतं असं वाटलं.

"आमच्यात वाचणारा वेगळा आणि हात लावणारा वेगळा. मी एकेक गोष्ट वाचायची, सरांनी तिकडे बघायचं, हात लावायचा आणि मग उत्तर द्यायचं. दोन माणसं त्यासाठीच ठेवलीत. सरांनी आधी हात लावायचं सोडलं. मग बघायचं सोडलं. आता तर मी वाचायच्या आत उत्तर येतं."

"इतक्या वर्षांत पाठ झालं असेल."

"पाठच झालंय, वहिनी. तीच भीती आहे. माणूस जागेवर नसला तरी पाठ केलेलं येतं तोंडात."

"आणि तुम्ही?"

"राहिलेलं मी हळूच करून टाकायचो. कुणाच्या सदऱ्याची शिवण उसवलेली दिसली तर चारचौघांत बोलतो का आपण? तसं. आधी कधीतरी एखादं. मग रोज एखादं. मग मला कळेचना, त्यांचं काम कुठे संपतं आणि माझं कुठे सुरू होतं."

तो पुढे सांगत राहिला. उड्डाणाआधी विमानाभोवती फेरी मारून चाकं, पंख, इंजिनं डोळ्यांखालून घालायची असतात. बहुतेक कप्तान ते काम उजवीकडच्यावर ढकलतात. पण हे कप्तान ऊन असो, पाऊस असो, स्वतः उतरायचे. आधी विमानाच्या नाकावर तळवा ठेवायचे, मग फेरी. मागच्या महिन्यात उतरले ते परतच येईनात. उजव्यानं वाकून बघितलं तर मागच्या चाकापाशी उभे होते, टायरवर हात ठेवून. फेरी कुठून सुरू केली आणि कुठे चाललोय, तेच त्यांना आठवत नव्हतं.

"थकवा असेल," वहिनी म्हणाल्या. हेच वाक्य त्या गेलं वर्षभर स्वतःला ऐकवत होत्या.

"परवाचं ऐका. धावपट्टीच्या तोंडाशी आलो. पंखांच्या मागच्या पट्ट्या खाली केल्याशिवाय भरलेलं विमान उचलत नाही. मी विचारलं. सर म्हणाले, केल्यात. पट्ट्यांच्या दांड्यावर त्यांचाच हात होता आणि दांडा जागचा हललेला नव्हता. मी म्हटलं, सर, बघा. त्यांनी बघितलं. चांगलं डोळे उघडून बघितलं, आणि पुन्हा म्हणाले, केल्यात."

"तसं काही राहिलं तर भोंगा वाजतो ना? हेच सांगत होते एकदा."

"वाजतो. पण भोंग्याच्या भरवशावर माणसं न्यायची का, वहिनी? मी दांडा खाली केला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून अगदी शांतपणे विचारलं, 'उजव्या, आपण उतरलो, की अजून निघायचंय?'"

पुन्हा एक विमान वरून गेलं. या वेळी वहिनींनीही वर बघितलं नाही.

"मागे भरलेलं विमान बसलेलं. मी तिथूनच परत फिरायला हवं होतं. मी म्हटलं, सर, आज मी घेतो. त्यांनी लगेच दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेतल्या मुलासारखे. वर गेल्यावर पुन्हा पहिल्यासारखे. मला विनोद सांगत होते."

वहिनींच्या डोळ्यांसमोर घराचं दार आलं. कप्तान कामाला निघाले की त्या दारात उभ्या राहून विचारत, "किल्ली?" "घेतली." "पाकीट?" "घेतलं." "चष्मा?" "घेतला." आणि चष्मा तिकडे टेबलावर. मग त्या काही न बोलता तो आणून त्यांच्या खिशात ठेवत. हे कधी सुरू झालं ते त्यांना सांगता आलं नसतं. एकदा अर्धी दाढी करून ते बाहेर आले आणि "आई बाजारातून आली का गं?" म्हणाले. सासूबाईंना जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. वहिनी "येतील" म्हणाल्या आणि उरलेली अर्धी दाढी करायला त्यांना हाताला धरून आरशापाशी घेऊन गेल्या. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. देवापुढे हात जोडल्यावरसुद्धा नाही.

"तुम्ही त्यांना बोलला नाहीत?"

"सर नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगतात, माझं चुकतंय वाटलं तर एकदा सांग, नाही ऐकलं तर दुसऱ्यांदा सांग, तिसऱ्यांदा बोलत बसू नको, विमान हातात घे. चाकापाशी तसे उभे राहिले, त्यानंतर मी एकदा बोललो. म्हणाले, झोप नीट घेत जा. दुसऱ्यांदा बोललो तेव्हा भडकले. आणि लगेच जाऊन माझी शिफारस करून आले. त्यांना वाटलं, मी डाव्या जागेसाठी कुरकुरतोय. मोठ्या मनानं केलं हो त्यांनी. पाठीवर थाप मारून म्हणाले, जा, आता मोठा हो."

"अगं बाई," वहिनी म्हणाल्या.

"उद्या पहाटे त्यांच्या उजवीकडे नवी मुलगी आहे. हुशार आहे. पण सरांना देव मानते. सर काहीही बोलले की 'हो सर'. ती वाचेल, सर उत्तर देतील, ती पुढचं वाचेल. मी बघितलंय तिला. ती दांड्याकडे बघत नाही, सरांच्या तोंडाकडे बघते."

"मग वरच्या साहेबांकडे जा ना! माझ्याकडे काय येता?" वहिनींचा आवाज चढला. राग कुणाचा आला होता ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही.

"तिथूनच आलोय. मोठे साहेब म्हणाले, बढतीचं पत्र हातात पडलं नाही तोच गुरूच्या पानात माती कालवायला निघालास? त्यांचं रेकॉर्ड काढून माझ्यापुढे टाकलं. म्हणाले, एक बोट ठेवायला जागा दाखव. जागा कुठून दिसणार? मीच बुजवल्या होत्या सगळ्या."

तो थांबला. वहिनीही थांबल्या, आणि आपण कुठे आलोय ते त्यांना आत्ता दिसलं. समोर कंपनीची दोन मजली इमारत होती. वरचा मजला काळोखात होता. खाली एकाच खोलीत दिवा होता, अर्ध्या पडद्याआड कुणीतरी खुर्ची मागे सरकवून उठत होतं. वर्षातून दोनदा कप्तान इथे डॉक्टरी तपासणीला येत आणि घरी जाऊन सांगत, "अजून घोडा शर्यतीचा आहे, बरं का!"

म्हणजे हा मला बोलता बोलता इथेच घेऊन येत होता, वहिनींच्या मनात आलं. टायरवाल्याच्या दुकानापासून इथेच.

"कंपनीच्या डॉक्टरीणबाई थांबल्यात," उजवा हळू आवाजात म्हणाला. "त्या म्हणतात, डोळे, कान, रक्तदाब सगळं उत्तम आहे, सहवैमानिकाच्या एकट्याच्या बोलण्यावर त्यांना थांबवता येत नाही. पण घरचं माणूस येऊन बोललं, तर पूर्ण तपासणी होईपर्यंत त्या आजपासूनच त्यांना विमानाला हात लावू देणार नाहीत."

"भावोजी, ते जगायचे नाहीत हो. विमानाशिवाय त्यांना दुसरं काय येतं? आत्ता झोपलेत घरी. पहाटे उठायचं म्हणून. गणवेश इस्त्री करून खुर्चीवर ठेवून आलेय मी."

"माहीत आहे."

"तुमच्या तोंडाकडे बघायचे नाहीत ते जन्मभर."

"तेही माहीत आहे."

खिडकीतला दिवा विझेल, बाई निघून जातील, मग आपल्याला काही ठरवावं लागणार नाही, असं वहिनींना क्षणभर वाटलं. आणि मग ती मुलगी डोळ्यांपुढे आली, जिला त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, सरांच्या तोंडाकडे बघत पुढचं वाचणारी.

दिवा विझला नाही. बाई दारापर्यंत आल्या आणि दार उघडं धरून उभ्या राहिल्या.

उजव्यानं हात जोडले नाहीत, डोळ्यांतून पाणी काढलं नाही. तो फक्त वाटेतून एक पाऊल बाजूला झाला.

"वहिनी, आत जा आणि घरी जे बघता तेवढंच सांगा. वाढवू नका, झाकू नका. आणि सर उठल्यावर विचारतील, कुणी सांगितलं म्हणून. तेव्हा माझं नाव घ्या. एकट्याचं. तुम्ही सांगितलंत हे त्यांना कधी कळू देऊ नका. कंपनी गेली, मी गेलो, तरी त्यांना रागावून परत यायला एक घर तरी राहू द्या."