एका खिळ्यावर दोन फोटो

दोन हजार तेवीस साल. माझं वय एकाहत्तर. विरार पूर्वेला मनवेलपाड्यात, एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर मी स्टुलावर उभा होतो. हात भिंतीवरच्या फोटोला लागलेला. खाली सुशीलावहिनी स्टुलाचा पाय धरून उभ्या.

"ह्यांना खाली उतरवलंत, तर मी तुम्हाला खाली उतरवीन," त्या म्हणाल्या.

'हे' म्हणजे त्यांचे यजमान. फोटोत होते. चंदनाचा हार, खालच्या फळीवर छोटा लाल बल्ब. वर्षश्राद्ध अजून व्हायचं होतं. मी हात मागे घेतला.

मी फ्रेमवाला. वसईजवळ होळी गावात आमची केळीची वाडी होती, शाळेत मी तिसरीपर्यंत टिकलो, आणि बापाने कितीही सांगितलं तरी वाडीत पाणी न लावता फ्रेमा करायला लागलो. आजवर माझी एक फ्रेम भिंतीवरून पडलेली नाही. काच फुटली असेल ती गिऱ्हाइकाने फोडली.

मला बोलावलं होतं वहिनींच्या सुनेने, सायलीने. ती कुठल्याशा कॉम्प्युटर कंपनीत होती, पण ऑफिसात जात नसे. घरीच हॉलमध्ये टेबल टाकून लॅपटॉपवर मीटिंगा. नोकरी अजून पक्की नव्हती. तिचा नवरा बोईसरला कारखान्यात पाळीवर, आणि त्याचा कारखाना बंद होणार अशी बोलवा होती. म्हणजे हिची नोकरी पक्की होणं घराला फार गरजेचं. आणि तिच्या एचआर मॅडमनी तिला दोनदा टोकलं होतं. एचआर म्हणजे माणसं ठेवायची की काढायची ते बघणारं खातं.

"मॅडम म्हणतात, मागे पर्सनल फोटो नकोत. बॅकग्राउंड प्रोफेशनल पाहिजे. क्लायंटला तुझं लग्न बघायचं नाहीये म्हणे."

तिच्या मागे लग्नाचा फोटो होता, माझ्याच दुकानचा. दोघं बदामात, बाजूला दोन हंस. हंस मी सुचवलेले. क्लायंटला त्यात काय खुपलं, मला अजून कळलेलं नाही.

"मग तो कॉम्प्युटरमधला पडदा लाव ना," मी म्हटलं. माझा नातू लावतो, मागे समुद्र दिसतो.

"लावला काका. लॅपटॉप जुना आहे. पडदा माझा एक कानच गिळतो. आणि परवा आई मागून गेल्या तर नुसता हात आणि पळी फिरताना दिसली. क्लायंट घाबरला. संध्याकाळी मोठी मीटिंग आहे, कन्फर्म झालेल्यांची नावं त्यातच सांगणार. प्लीज, भिंत ऑफिससारखी करून द्या."

"कसल्या ऑफिससारखी? मी पतपेढ्या केल्या, शाळा केल्या, मच्छीमारांची सोसायटी केली."

"काहीही करा. प्लेन, डिसेंट."

"तुमच्या संस्थापकांचा फोटो आहे का?"

"फाउंडरचा? वेबसाइटवर आहे. पण तो कशाला?"

"ऑफिस पाहिजे ना? पाठव."

तिला मुलीला आणायला जायचं होतं. चप्पल घालता घालता तिने माझ्या मोबाइलवर फोटो पाठवला आणि गेली. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून तो मोठा प्रिंट करून आणला. सागाची तयार फ्रेम पिशवीत होतीच.

फोटो बघून मला खरंच वाईट वाटलं. तिशीचा पोरगा. दाढी, टी-शर्ट, हसतोय. म्हटलं, हे काय वय होतं का जायचं?

माझा हिशेब सरळ होता. ज्या ज्या ऑफिसात मी संस्थापकांची फ्रेम लावली, तिथला एकही संस्थापक मला चहा पाजायला आला नाही. चेअरमन खुर्चीत असतो. संस्थापक भिंतीवर असतो.

बदाम उतरवला. वहिनींच्या नातीचा, उघडीनागडी पालथी पडलेली असतानाचा फोटो उतरवला. घड्याळ मधोमध आणलं. राहिले वहिनींचे यजमान. त्यांच्यावरून स्टुलाखाली भांडण सुरूच होतं. शेवटी मी तोडगा काढला. यजमान आहेत तिथेच राहतील, हारासकट. त्याच खिळ्यावर, त्यांच्या पुढे, संस्थापक येतील. मीटिंग झाली की संस्थापक उतरतील. दोन फ्रेमांचं वजन घेईल असा खिळा मी मुळातच ठोकला होता. फ्रेम वरून जराशी पुढे झुकती ठेवली, म्हणजे काचेत ट्यूबलाइट चमकत नाही.

"ह्यांना ऐकू जाईल ना मागून?" वहिनींनी विचारलं.

"काचेतून जातं," मी म्हटलं.

मग दुकानाच्या रीतीप्रमाणे संस्थापकांना पिशवीतला नवा चंदनाचा हार घातला. काचेवरून कपाळाला गंध लावलं. पाया पडलो. लाल बल्ब त्यांच्या पायाशी बरोबर आला. मन भरलं.

तेवढ्यात लाइट गेली. लिफ्ट बंद. चार जिने उतरायला माझा गुडघा तयार नव्हता, म्हणून स्वयंपाकघराच्या दारात बसून राहिलो. सायली मुलीला कडेवर घेऊन धापा टाकत वर आली, पोरीला माझ्या मांडीवर दिलं आणि अंधारातच लॅपटॉप उघडून मोबाइलच्या नेटवर मीटिंगला बसली. भिंत दिसतच नव्हती. उजेड फक्त तिच्या तोंडावर.

पडद्यावर भरपूर चौकोन, प्रत्येकात एक माणूस. मोठ्या चौकोनात एक दाढीवाला बोलत होता. चेहरा ओळखीचा वाटला. म्हटलं धाकटा भाऊ असेल. मोठ्याच्या मागे धंदा सांभाळतोय बिचारा.

आणि लाइट आली.

ट्यूब लागली, पंखा फिरला, आणि संस्थापकांच्या पायाशी लाल बल्ब पेटला. दिवेलागणीची वेळ. वहिनी रोजच्यासारख्या अगरबत्ती घेऊन आल्या, सायलीच्या मागे उभ्या राहिल्या आणि फोटोला ओवाळायला लागल्या.

"अहो, ऐकलंत का," त्या म्हणाल्या, "सुनेचं आज पक्कं होऊ दे. तिच्या साहेबाला बुद्धी द्या."

दाढीवाला बोलता बोलता थांबला. पुढे झुकला. त्याचा चेहरा चौकोनभर झाला.

"सायली," तो म्हणाला, "वो पीछे... मैं हूँ क्या?"

सायलीने मागे वळून पाहिलं.

"काका!"

हाक आली म्हणजे जायला हवं. पोरीला खाली ठेवून मी कॅमेऱ्यासमोर गेलो. माझ्या कामाबद्दल प्रश्न असेल तर उत्तर मी देतो, गिऱ्हाइकाला पुढे करत नाही.

"आप जिंदा है?" मी विचारलं.

"जी. हाँ."

"तो फिर संस्थापक कैसे?"

सगळे चौकोन एकदम म्यूट झाले. म्यूट म्हणजे तोंड हलतं पण आवाज येत नाही. बहुतेक तोंडं एकाच तऱ्हेने हलत होती.

"अंकल," साहेब म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "पहले वो बल्ब बंद करो."

"बल्ब बंद व्हायचा नाही," वहिनी अगरबत्तीसकट पुढे आल्या. "तो ह्यांचा आहे. तुमचा नाही."

"आई, प्लीज!" सायली रडायच्या बेतात. "सॉरी सर, सॉरी, म्हणजे निखिल..." त्या कंपनीत मालकाला नावाने हाक मारतात. भीती वाटली की सर निघतं.

"इनका किसका?" साहेबांनी विचारलं.

आता बोलून समजणार नव्हतं. मी संस्थापकांना खिळ्यावरून उतरवलं. मागून वहिनींचे यजमान निघाले. तसाच हार, तसंच गंध, फक्त टोपी जास्त. साहेब डोळे बारीक करून पडद्याजवळ आले.

"सायली, हे तुझे सासरे?" ते म्हणाले. मराठी येत होतं तर. "त्यांना माझ्या मागे का दाबलंस?"

"एचआरने सांगितलं, पर्सनल फोटो नकोत."

"आणि माझा?"

"तुमचा प्रोफेशनल आहे," ती हुंदका देत म्हणाली.

एचआर मॅडमनी आपला कॅमेरा बंद केला.

साहेब पाणी प्यायले. कपाळ चाचपून बघितलं, हे मी पाहिलं. मग त्यांनी पक्क्या झालेल्यांची नावं वाचली. एक नाव झालं, दुसरं झालं, सायली पदराएवढी ओढणी तोंडात धरून बसलेली. तिचं नाव अगदी शेवटी आलं.

"काकू, खूश?" साहेबांनी विचारलं.

वहिनींनी हात जोडले. पण लॅपटॉपकडे नाही, भिंतीकडे. "ऐकलंत हो," म्हणाल्या.

मीटिंग संपल्यावर सायली माझ्याकडे वळली. "काका, हार कशाला घातलात?"

"रीत आहे."

"विचारायचं तरी!"

"तू सांगायचं तरी, माणूस जिवंत आहे म्हणून."

पुढे कंपनीचा मेल आला, तो तिने मला वाचून दाखवला. घरच्यांचे फोटो मागे चालतील. कंपनीतल्या कोणाचाही फोटो लावू नये. म्हणजे बदाम परत लागला, हंसांसकट. चूक माझी नव्हती, हे मी आजही सांगतो. तरी आता फ्रेमेला फोटो आला की आधी विचारतो, आहेत का गेले? लग्नाच्या जोडप्यालाही विचारतो. गिऱ्हाईक चिडतं. चिडू दे.

त्या रात्री संस्थापकांची फ्रेम मी परत घरी आणली होती. साहेबांनी मीटिंग संपता संपता बजावलं होतं, तो फोटो त्यांच्या आईच्या नजरेला पडता कामा नये. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडल्या उघडल्या मी तो प्रिंट काढून टाकला. फ्रेम सागाची, वाया कशी घालवायची? आत माझा फोटो बसवला, गल्ल्याच्या वर लावला, आणि खाली ब्रशने लिहिलं : संस्थापक (हयात). हार मात्र शेजारच्या खिळ्याला अडकवून ठेवला. लागेल तेव्हा पोरांना शोधाशोध नको.