मर्ज करणाऱ्या ताई

“थांबा! दोघंबी हिकडं या,” असं म्हणत ताईंनी खुर्ची मागे सरकवली, की आज चहा गार होणार हे आम्ही ओळखायचो.

लोणावळ्यात चिक्कीच्या एका दुकानावर आमचं पाच जणांचं ऑफिस आहे. मावळातल्या गुलाबांच्या पॉलिहाऊसला पाणी कधी सोडायचं, ते ठरवणारा प्रोग्राम आम्ही लिहितो. प्रत्येक जण आपापल्या ब्रँचवर, म्हणजे प्रोग्रामच्या वेगळ्या प्रतीवर, बदल करतो. शुक्रवारी ते सगळे बदल मूळ प्रोग्रामात मर्ज करायचे, म्हणजे एकत्र जोडायचे. दोघांनी एकच ओळ बदलली असेल तर कॉम्प्युटर अडून बसतो आणि विचारतो, हिची ठेवू की त्याची? तुम्ही-आम्ही बटण दाबून मोकळे झालो असतो. टाकव्याहून स्कूटरवर येणाऱ्या आमच्या ताई मात्र आधी पंचायत भरवायच्या.

“कुणी काय लिवलं ते दिसतंय. का लिवलं ते सांगा.”

या बाईंना इतक्या चौकशा कशाला हव्यात, याचं मला भारी कुतूहल होतं. थोडा वैतागही होता, खोटं कशाला बोलू!

एकदा ताई भाचीच्या लग्नासाठी रजेवर गेल्या आणि मर्ज माझ्याकडे आलं. नेमकी माझी आणि ऑफिसातल्या शबानाची ओळ अडली. मी माझी ठेवली, तिची काढली. ती समोरच बसली होती, तरी विचारलं नाही.

आठ दिवसांनी औंढ्याहून आमचा प्रोग्राम वापरणाऱ्या आबांचा फोन आला. त्यांचे गुलाब पिवळे पडत होते. ताई नुकत्याच रजेवरून आल्या होत्या. त्यांनी मला स्कूटरवर मागे बसवलं आणि थेट पॉलिहाऊसमध्ये नेलं. एक रोप उपटून माझ्या हातात दिलं. जास्त पाण्यानं मुळं कुजून काळी पडली होती.

“तू काय लिवलं व्हतंस?”

“थंडीत सकाळी सातच्या आत पाणी सोडायचं नाही. पाइपातलं पाणी फार गार असतं.”

“बराबर हाय. आन् शबानानं?”

मी ते वाचलंच नव्हतं. माती ओली असेल तर पाणी सोडूच नये, असं तिनं लिहिलं होतं.

“दोनी पायजेत की रे,” ताई हळूच म्हणाल्या.

“कुणी केलं हे?” आबांनी विचारलं. मी हातातलं रोप परत मातीत खोचू लागलो.

“आमी बघतो, आबा,” ताई म्हणाल्या. तिथंच क्रेटवर बसून, लॅपटॉप उघडून शबानाच्या ब्रँचवरून तिची ओळ त्यांनी परत आणली आणि माझ्या ओळीशी जोडली. निम्मी रोपं वाचली.

गेल्या वर्षी नोकरी सोडून ताईंनी टाकव्यात स्वतःचे गुलाब लावले. परवा सहज म्हणून मी त्या दिवसाची नोंद उघडली. प्रत्येक मर्जखाली करणाऱ्याने दोन ओळी लिहायच्या असतात. ताईंनी लिहिलं होतं: “शबानाची ओळ परत घेतली. रजेवर जाताना मी कुणाला नीट समजावलं नाही. चूक माझी.”

माझं नाव कुठंच नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जुनी नोंद आम्ही कधी खोडत नाही, म्हणून मी नवी केली: “ती चूक ताईंची नव्हती. बटण मी दाबलं होतं.”