कट कोण म्हणणार?

आई गेल्यावर बाबांना मी ठाण्याहून इकडे परदेशात, गुंगालिनला माझ्या घरी घेऊन आले. घरात हीटर होता, औषधं वेळेवर होती, फक्त बाबा जेवत नव्हते. दोन घास घेऊन ताट सरकवायचे. वजन आणखी उतरलं तर हॉस्पिटलमध्ये ठेवावं लागेल, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं. मी थालीपिठापासून शिऱ्यापर्यंत सगळं करून पाहिलं, रागावूनही पाहिलं.

शेजारी एक कोरियन नट राहायचा, बायकोच्या पीएचडीसाठी इथे आलेला. तिकडे त्याने मालिकांत कामं केली होती. इथे छोट्या फिल्म्स स्वतःच लिहायचा, स्वतःच दिग्दर्शित करायचा आणि फुकटात मिळतो म्हणून हीरोही स्वतःच. एकदा त्याने शनिवारपुरतं माझं किचन मागितलं, आणि बाबांनाही. गोष्ट एवढीच: मुलगा वडिलांसाठी तांदळाची पेज करतो, वडील दोन चमचे खाऊन वाडगा सरकवतात.

"हे त्यांना शिकवावं लागणार नाही," मी म्हटलं.

कॅमेऱ्यामागे युनिव्हर्सिटीतली एक मुलगी होती. "मी कट म्हणेपर्यंत कॅमेरा थांबवायचा नाही," असं तिला बजावून तो बाबांसमोर जेवायला बसला. बाबांनी दोन चमचे खाल्ले. थांबले. समोर पाहिलं आणि तिसरा चमचा घेतला. मग चौथा.

"बाबा, वाडगा सरकवायचाय," मी दारातून म्हटलं.

"समोर पाहुणा जेवतोय. मी आधी हात आखडू? पद्धत आहे का काही?"

मी हे त्याला इंग्रजीत सांगितलं. त्याने डोळे मोठे केले. "अहो, पण आमच्याकडे मोठ्यांनी चमचा खाली ठेवल्याशिवाय लहानांनी ठेवायचा नसतो, मी कसा ठेवू?"

म्हणजे दोघंही अडकले. बाबांनी यजमानाच्या थाटात पातेलं ओढलं आणि त्याला वाढलं, मग स्वतःलाही. कॅमेरा चालूच. कट म्हणणाऱ्याच्या तोंडात पेज. पातेलं रिकामं झालं तेव्हाच सीन संपला.

"मीठ कमी होतं," बाबा म्हणाले. "सांग त्याला."

"तुझ्या स्क्रिप्टचं वाटोळं झालं," मी त्याला म्हटलं.

"लेखकाशी बोललो," त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, "तो म्हणतो, वडील जेवतात."

फिल्म बरी झाली आहे, जरा लांबली आहे. मी त्याला लिंबाच्या लोणच्याची मोठी बरणी दिली. माझ्या मते ती कमीच होती, कारण हॉस्पिटल टळलं. आता शिफ्टहून आले की मी उभ्या उभ्या खात नाही. बाबांसमोर ताट घेऊन बसते आणि शेवटचा भात मुद्दाम चिवडत राहते.

"किती हळू जेवतेस गं!" बाबा वैतागतात, आणि वाट बघता बघता आणखी थोडी आमटी घेतात.